कोकणातल्या परसात रंगीत हायब्रिड ऑर्किड: रोप निवडण्यापासून तुरा येईपर्यंत

पुण्या-नाशिकचे हौशी लोक ऑर्किडसाठी दिवसातून चार वेळा फवारे मारतात, कुंड्यांखाली पाण्याचे ट्रे ठेवतात. एवढं करूनही हवेत ओलावा टिकत नाही म्हणून ते चुटपुटत असतात. आपल्याकडे किनाऱ्यावर हा प्रश्नच नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत हवा वर्षभर दमट, थंडी बेताची, पारा क्वचितच १५ अंशांच्या खाली उतरणारा. थायलंड-सिंगापूरकडे तयार झालेल्या डेंड्रोबियम, वांडा, मोकारा या जातींना हेच हवं असतं.

तरीही कोकणात हौसेने आणलेली बरीचशी ऑर्किड श्रावण संपायच्या आत मरतात. कारण विचारलं की लोक सांगतात, ‘पाऊस सोसला नाही.’ हे अर्धंच खरं आहे. मे-जूनमध्ये एखाद्या जुन्या आंब्याच्या फांदीवर फुललेली सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, पाहा. तिच्यावर छप्पर नसतं, औषध नसतं. चार महिने धो धो पाऊस अंगावर घेऊन ती पुढच्या वर्षी पुन्हा फुलते. तिची मुळं उघड्या सालीवर पसरलेली असतात आणि सर थांबली की तासा-दोन तासांत वाऱ्याने कोरडी होतात. आपण मात्र त्याच कुळातलं झाड काथ्याने गच्च भरलेल्या कुंडीत, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवतो. तिथे मुळं आठवडाभर सुकत नाहीत. ऑर्किड मरतं ते कोंडलेल्या ओलीने. कोकणातली ऑर्किडची सगळी मेहनत म्हणून मुळांना वारा मिळवून देण्याची आहे, आणि पुढचं सगळं त्याच हिशेबाने सांगतो.

कोणती जात घ्यावी

सुरुवात डेंड्रोबियमपासून करा. फुलवाल्याकडे जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे लांब तुरे मिळतात ते बहुतेक ‘सोनिया’ या संकराचे असतात. थायलंडमधून जगभर गेलेली ही जात आपल्या हवेत सहज रुळते. पांढऱ्यात ‘एम्मा व्हाइट’, हिरवट छटेत ‘बुराना जेड’ या जातीही चांगल्या. या गटातलं झाड बारमाही हिरवं राहतं आणि त्याला हिवाळ्यात पाणी तोडण्याची गरज नसते. एवढं बजावून सांगतो, कारण ‘डेंड्रोबियमला थंडीत कोरडं ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो हिमालयाच्या पायथ्याकडच्या, पानं गाळणाऱ्या नोबिल गटासाठी आहे. तो तुमच्या सोनियाला लावलात तर कांडी, म्हणजे झाडाची उभी जाड खोडं, सुरकुततील आणि फूल हुकेल. नोबिल गट मात्र आपल्याकडे घेऊच नका, त्याला फुलण्यापुरती थंडी इथे पडत नाही.

ज्यांच्याकडे मोकळं ऊन आहे त्यांनी मोकारा घ्यावं. अरॅक्निस, अस्कोसेंट्रम आणि वांडा अशा तीन कुळ्यांचा हा संकर. नारिंगी, पिवळी, लालभडक, गुलाबी अशी ठिपकेदार फुलं येतात आणि वर्षातून अनेकदा येतात. वांडाचं फूल त्याहून मोठं आणि रंग गडद. निळा-जांभळा वांडा पाहून हरखून जायला होतं. त्या रंगामागे ईशान्य भारतातला रानटी निळा वांडा आहे. त्याचा फिलिपिन्सच्या सँडेरियाना वांडाशी संकर करून ‘रॉथ्सचाइल्डियाना’ तयार झाला. रानातला निळा वांडा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. आपल्याला घ्यायचं आहे ते रोपवाटिकेत वाढलेलं संकरित झाड.

ऑन्सिडियमची पिवळी, घागरा पसरल्यासारखी फुलं देणारी ‘गोवर रामसे’ ही जात सोपी आहे, फक्त तिची बारीक मुळं चटकन कुजतात. कॅटलिया मोठी आणि बऱ्याचदा सुवासिक, पण दोन पाण्यांच्या मध्ये ती पूर्ण सुकावी लागते. दोन पावसाळे निभावल्यावर तिच्याकडे वळा.

फेलेनॉप्सिस म्हणजे ऑनलाइन आणि मॉलमध्ये फुलांसकट मिळणारं रुंद पानांचं ऑर्किड. ते दिसायला सगळ्यांत देखणं, पण आपल्याकडे पावसात सगळ्यांत हळवं. ते घ्या, पण पहिलं झाड म्हणून नको. सिंबिडियम अजिबात नको. त्याला तुरा येण्यासाठी १० ते १५ अंशांच्या रात्री लागतात. सिक्कीममध्ये ते बहरतं, रत्नागिरीत फक्त पानं वाढवत बसतं.

खरेदी

जून-जुलैमध्ये रोप आणू नका. नवीन जागेत मुळं धरायच्या आधीच झोडपणारा पाऊस सुरू होतो. सर्वांत चांगला काळ दसरा-दिवाळीच्या आसपासचा: पाऊस ओसरलेला असतो, आणि पुढचा मृग लागेपर्यंत झाडाला सात-आठ महिने मिळतात. तो हुकला तर फेब्रुवारी.

फुलावर भाळून रोप उचलू नका, खालून वर पाहा. मुळं भरीव, पांढरी-करडी आणि टोकाला हिरवी किंवा तांबूस असावीत. बोटांत धरून हलकेच दाबली की पोकळ लागतात, साल सुटून आत दोरा राहतो, ती मेलेली. डेंड्रोबियमला बुडाशी निदान एक नवा कोंब असावा. पानांवर तुटक पिवळ्या रेघा, खोलगट काळे पट्टे किंवा वलयं असली तर रोप तिथेच ठेवा, ती विषाणूची खूण असू शकते आणि त्यावर औषध नाही.

‘फ्लॉवरिंग साइज’ म्हणजे फुलण्याच्या वयाचं रोप थोडं महाग पडतं, पण हौशी माणसाने तेच घ्यावं. टिश्यू कल्चरच्या बाटलीतून काढलेली बोटभर रोपं स्वस्त मिळतात, मात्र फुलायला दोन-तीन वर्षं घेतात आणि तेवढ्या काळात दोन-तीन पावसाळे येतात. मुळं उघडी ठेवून पाठवलेलं आयात रोप आलं तर लगेच लावू नका. मेलेली मुळं कापा, बुरशीनाशकाच्या पाण्यात १०-१५ मिनिटं बुडवा आणि दोन दिवस सावलीत उलटं टांगून ठेवा.

नावाची चिठ्ठी मागून घ्या. एकाच आई-बापांच्या सगळ्या संततीला एकच नाव देऊन त्याची नोंद लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीत होते. त्यातल्या निवडक झाडांना पुढे क्रमांक लागतो, जसं ‘सोनिया १७’ आणि ‘सोनिया २८’. नाव हरवलं तर पुढे त्या झाडाची माहिती शोधताही येत नाही, देता-घेताही येत नाही. पेनाची शाई कोकणातल्या पावसात एक महिना टिकत नाही. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरून तारेने बांधा.

जागा

पहिला विचार पडवीचा येतो. कौलारू पडवी पावसापासून राखते, पण तिथे उजेड कमी पडतो. डेंड्रोबियम तिथे वर्षानुवर्षं गर्द हिरवं राहतं आणि एकदाही फुलत नाही. उजेडाचा अंदाज पानावरून घ्या: रंग पोपटीकडे झुकणारा, पान ताठ, म्हणजे उजेड बरोबर. काळसर हिरवं, लोंबणारं पान म्हणजे कमी. पिवळं पडून मधोमध पांढरा, सुकलेला डाग म्हणजे ऊन जास्त.

घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला खळ्याच्या कडेने एक मांडव घाला. पावसाळी वारा नैऋत्येचा, आडवा पाऊस तिकडून येतो. घरच तो अडवतं, आणि सकाळचं कोवळं ऊन झाडांना मिळतं. मांडव ९-१० फुटांपेक्षा बुटका नको, नाहीतर एप्रिल-मेमध्ये वर गरम हवा साठते. डेंड्रोबियम आणि वांडाला ५० टक्के सावलीची जाळी पुरते, मोकाराला त्याहून कमी, फेलेनॉप्सिसला ७५ टक्के. जाळीच्या वर, पावसाळ्यापुरतं, पारदर्शक पत्र्याचं किंवा २०० मायक्रॉनच्या यूव्ही प्लॅस्टिकचं उतरतं छप्पर हवं. बाजू मात्र चारी मोकळ्या ठेवा. गोगलगायी आणि गुरांच्या भीतीने बाजूंना प्लॅस्टिक लावलं की आत बुरशीची पैदास सुरू होते.

घर समुद्राला लागून असेल तर खाऱ्या वाऱ्याचा बंदोबस्त लागतो. पावसाळ्यात मीठ धुऊन जातं, पण नोव्हेंबरपासून मेपर्यंत पानांवर त्याचा थर बसतो आणि पानांची टोकं करपतात. पश्चिमेला जास्वंद, अबोली, कण्हेर अशी दाट रांग लावा आणि आठवड्यातून एकदा पानं गोड्या पाण्याने धुवा.

लावणी

माती नको, शेणखत नको, कोकोपीट नको. ऑर्किडला लागतं ते मुळांनी धरून ठेवायला काहीतरी, ज्यातून पाणी क्षणात निघून जाईल. आपल्याकडे यासाठी सर्वांत चांगली वस्तू फुकट मिळते: जुन्या मंगलोरी कौलांचे तुकडे. भाजलेली माती पाणी थोडं शोषते, सावकाश सोडते आणि कुजत नाही. दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करा, चाळा, धुवा. सोबतीला तेवढ्याच आकाराचा लाकडी कोळसा.

तिसरी वस्तू नारळाची सोडणं. ती ओल धरतात, म्हणून देशावर त्यांचं प्रमाण जास्त ठेवतात. किनाऱ्यावर मी दोन भाग कौल, दोन भाग कोळसा आणि फक्त एक भाग सोडण घेतो. ओल्या सोडणात टॅनिन असतं आणि खाऱ्या जमिनीतल्या नारळाच्या सोडणात मीठही. तुकडे करून आठ-दहा दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला, पाण्याचा तांबूसपणा जाईपर्यंत. सोडण दीड-दोन वर्षांत भुगा होतं, तेव्हा कुंडी बदलायलाच लागते.

कुंडी लहान घ्यायची, रोप डुगडुगेल की काय वाटावं इतकी. पूर्ण वाढलेल्या डेंड्रोबियमलाही ५-६ इंची पुरते, बाजूंना भोकं असलेली मातीची सर्वांत उत्तम. तळाशी कौलाचे मोठे तुकडे घाला. रोपाचं सर्वांत जुनं कांडं कुंडीच्या कडेला टेकवा आणि नवा कोंब मधल्या मोकळ्या जागेकडे करा, कारण झाड त्याच दिशेने सरकत वाढतं. मुळं पसरून बाजूने मिश्रण सोडा. कांडी ज्यातून निघतात तो आडवा खोडाचा भाग मिश्रणाच्या वरच राहिला पाहिजे. तो पुरला की नवा कोंब कुजतो, हमखास. शेवटी बांबूची काडी खोचून झाड घट्ट बांधा. हलणारं झाड नवं मूळ धरत नाही, मुळाचं कोवळं टोक दर वेळी घासून मरतं.

लावणीनंतर चार-पाच दिवस पाणी नको, नुसता हलका शिडकावा द्या. कापलेल्या जागा सुकू द्याव्या लागतात.

वांडाला कुंडीच नको. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत दोन-चार कोळसे ठेवून टांगा, किंवा नुसतं तारेने टांगलं तरी चालतं. मुळं हवेत लोंबू द्या, ती तीन-चार फूटही होतात. मोकाराला उभी काठी किंवा जाळीचा आधार हवा, ते उंच चढतं.

पाणी

पाण्याचं गणित मुळं पाहून शिकता येतं. सकाळी वांडाच्या एखाद्या लोंबत्या मुळाजवळ उभे राहा आणि पाणी सोडा. कोरडं मूळ चांदीसारखं करडं असतं. पहिले थेंब त्यावरून घरंगळून जातात. मग जागोजाग हिरवे ठिपके उमटतात, ते पसरतात, एकमेकांत मिसळतात, आणि मिनिटाभरात मूळ गडद हिरवं होतं. वरचं स्पंजासारखं आवरण पाणी पिऊन पारदर्शक झालं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागलं. अजून करडे पट्टे असतील तर आणखी पाणी हवं. पूर्ण हिरवं झालं की थांबा. पुन्हा करडं होईपर्यंत दुसरं पाणी नाही. ही एक खूण लक्षात ठेवली तर वेळापत्रकाची गरज राहत नाही.

ढोबळमानाने, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत डेंड्रोबियमला एक दिवसाआड आणि वांडाला रोज, तर मार्चपासून मेपर्यंत डेंड्रोबियमला रोज आणि वांडाला दोनदा पाणी लागतं. दुसरं पाणी दुपारी तीनच्या आत संपवा. अंधार पडताना पानांच्या बेचक्यात आणि शेंड्यात थेंबही राहता कामा नये. मे महिन्यात मांडवाखालच्या जांभ्याच्या चिऱ्यांवर पाणी मारलं की खालून गारवा मिळतो, झाडावर जास्त ओतावं लागत नाही.

किनाऱ्यावरच्या बऱ्याच विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. माणसाला चव कळते त्याच्या कितीतरी आधी ऑर्किडच्या मुळांना मीठ कळतं: हिरवी टोकं काळी पडून वाढ थांबते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक साधा टीडीएस मीटर घ्या. आकडा २०० च्या खाली असेल तर उत्तम, ४०० च्या वर गेला तर ते पाणी देऊ नका. पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून पिंपांत साठवून ठेवणं हा सगळ्यांत चांगला उपाय. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या, त्यात कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. पिंपाचं तोंड बारीक जाळीने बांधा, डास होऊ देऊ नका.

खत

इथे फार गुंतागुंत नाही. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) आठवड्यातून एकदा, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. आधी मुळं साध्या पाण्याने ओली करायची, मग खत. महिन्यातून एकदा नुसतं साधं पाणी भरपूर ओतून साठलेले क्षार धुवायचे. ऑगस्टनंतर कांडं भरलं, शेंड्याला शेवटचं पान आलं, की दोन-तीन आठवडे पालाश जास्त असलेलं १३:००:४५ द्या. कॅल्शियम नायट्रेट महिन्यातून एकदा वेगळं द्यावं. ते १९:१९:१९ मध्ये मिसळलं तर पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. आंब्या-नारळाला घालतो ते युरिया-सुफला इथे नको. शेणाची स्लरी, ताक, केळीच्या सालीचं पाणी हे सगळं कुंडीत बुरशी आणि चिलटं आणतं.

मृगापासून हस्तापर्यंत

मेच्या शेवटच्या आठवड्यात तयारी पूर्ण झालेली असावी. छप्पर चढवा, मांडवावर झुकलेल्या फांद्या छाटा आणि कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा. भुगा झालेलं सोडण काढून टाका. एकही कुंडी जमिनीवर नको, सगळ्या बांबूच्या किंवा जाळीच्या मांडणीवर, निदान अडीच फूट उंच. पाऊस जमिनीवर आपटतो तेव्हा उडणाऱ्या मातीच्या थेंबांतूनच बुरशी चढते.

वादळाचीही जाण ठेवा. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात धडकलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत माडा-पोफळींच्या बागा झोपल्या. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेलं. इशारा आला की टांगलेली वांडा खाली काढून पडवीत आडवी ठेवा, छप्पराचं प्लॅस्टिक सोडून गुंडाळा. झाडांना दोन दिवस पाऊस लागला तर चालेल, पण छप्पर अंगावर आलं तर बांबूसकट सगळं जातं.

पावसाळा लागल्यावर पाणी देणं जवळजवळ थांबतं. चार-चार दिवस सूर्यदर्शन नसतं तेव्हा छपराखालची मुळंही हवेच्या ओलीवर भागवतात. डेंड्रोबियमला आठ दिवसांतून एखादं पाणी, तेही उघडीप पाहून. एक छोटा टेबलफॅन मांडवात दुपारी तीन-चार तास लावला तर त्याचा उपयोग कोणत्याही औषधापेक्षा जास्त होतो. सॉकेट आणि वायर मात्र पाण्यापासून नीट झाकलेली हवी. नत्र कमी करा, कारण या दिवसांत नत्रावर वाढलेला लुसलुशीत कोंब आधी सडतो.

रोज सकाळी नव्या कोंबांची तपासणी करा. डेंड्रोबियमच्या कोवळ्या कोंबाची पानं द्रोणासारखी मिटलेली असतात, त्यात पाणी साठतं. सर्वांत आतलं पान चिमटीत धरून अलगद ओढा. घट्ट असेल तर ठीक. सहज निसटून हातात आलं आणि त्याचं बूड तपकिरी, ओलसर दिसलं, तर काळी कूज लागली आहे. ती फायटोप्थोरा आणि पिथियम या बुरशीसारख्या जीवांमुळे होते. पोफळीला कोळेरोग करणारी फायटोप्थोरा ती हीच कुळी, म्हणून सुपारीला कोळे दिसले की ऑर्किडच्या मांडवातही डोळ्यांत तेल घालून पाहायचं. वाट पाहू नका. नवं ब्लेड घ्या आणि काळ्या भागाच्या खाली, पूर्ण हिरव्या-पांढऱ्या भागापर्यंत कापा. कापावर तपकिरी ठिपका राहिला तर आणखी खाली कापा. झाड बाकीच्यांपासून दूर, वाऱ्यात ठेवा. मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब मिश्रण किंवा फोसेटिल-ॲल्युमिनियम लिटरला २ ग्रॅम, हातमोजे घालून फवारा. डागाला दुर्गंधी येत असेल आणि पान पाणचट, पारदर्शक झालं असेल तर तो जिवाणूंचा सडका. त्यावर बुरशीनाशक चालत नाही. कापणे, कापावर दालचिनीची पूड दाबणे आणि कोरडं ठेवणे एवढाच इलाज. दालचिनी मुळांना लागू देऊ नका, ती त्यांना सुकवते.

बोर्डो मिश्रणाचा मोह टाळा. पोफळीला ते वरदान आहे, पण डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही, पानं आणि कळ्या करपतात. आपल्या वाड्यांत एक अपघात नेहमीचा आहे: पोफळीच्या खोडांवर ऑर्किड बांधलेली असतात आणि जुलैत गडी वर चढून शिंपुट्यांवर बोर्डो फवारतो. सगळं ओघळून खाली येतं. फवारणीचा दिवस ठरला की खालची ऑर्किड प्लॅस्टिकने झाका आणि गडी खाली उतरताच काढा. आंब्याखाली मांडव असेल तर मोहोराच्या फवारण्यांच्या वेळी हीच खबरदारी.

कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या होऊन गळत असतील तर एक कळी उभी चिरून पाहा. आत बारीक पांढरट अळ्या दिसल्या तर कळीमाशी आहे. अशा सगळ्या कळ्या, खाली पडलेल्यासुद्धा, गोळा करून जाळा. अळी पुढे मातीत जाऊन कोश करते, तिथेच साखळी तुटते. गोगलगायींसाठी रात्री कुंड्यांमध्ये काकडीच्या चकत्या ठेवा, पहाटे बॅटरी घेऊन त्यांच्यासकट उचला. मुळांची हिरवी टोकं हे त्यांचं आवडतं खाणं.

वाडीतल्या झाडांवर

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी काही रोपं थेट झाडावर चढवावीत. माड, पोफळ, चाफा, फणस चांगले. खोडाची पूर्व किंवा उत्तर बाजू धरा, उंची डोळ्यांसमोर येईल एवढी. वेळ जूनचा पहिला-दुसरा आठवडा. जून-जुलैत रोप आणू नका असं वर सांगितलं, तरी इथे पाऊस हवा, कारण खोडावर कोंडण्याचा प्रश्न नाही आणि चार महिने फुकट पाणी मिळतं. सुंभाने किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्टीने घट्ट बांधा. खाली सोडणाची पातळ चकती ठेवली तर उन्हाळ्यात बरं पडतं, जाड गादी नको. रोप आधीपासून घट्ट, तीन-चार कांडी असलेलं हवं. मुळं सालीला चिकटली की सुंभ आपोआप कुजून पडतं.

रानातली ऑर्किड मात्र काढून आणू नका. ऑर्किडचं सगळं कूळ साइट्स या, धोक्यातल्या वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेलं आहे. शिवाय सीतेची वेणी फांदीवरून ओरबाडली तर बहुतेक वेळा आपल्याकडे जगत नाही आणि रानातून कायमची जाते.

फुलं

डेंड्रोबियमला मुख्य बहर ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत. तुरा शेंड्याजवळच्या गाठीतून निघतो. फुलं गेली, पानं गळली, तरी हिरवं कांडं कापू नका. तेच कांडं पुढची दोन-तीन वर्षं पुन्हा तुरे देतं आणि नव्या कोंबाला पोसतं. पूर्ण पिवळं, सुरकुतलेलं, वाळलेलंच काढा. तुरा दिसल्यावर कुंडी फिरवू नका, नाहीतर फुलं वेगवेगळ्या दिशांना तोंडं करतात. झाडावर फुलं महिना-दीड महिना टिकतात. फुलदाणीसाठी तुरा तीन चतुर्थांश उमलल्यावर, सकाळी, तिरपा कापा.

फेलेनॉप्सिसला तुऱ्यासाठी काही आठवडे थोडा गारवा लागतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री घरात न घेता बाहेर मांडवात ठेवा. आपल्या १८-२० अंशांच्या रात्री तेवढ्याला पुरतात. ते मॉसमध्ये, म्हणजे सुकवलेल्या शेवाळात, गच्च भरून विकतात. फुलं संपली की मॉस सगळं काढा आणि कौल-कोळशात लावा. पावसाळ्यात कुंडी तिरपी टांगा, म्हणजे शेंड्यात पाणी थांबत नाही.

पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि उन्हाळ्यातला लाल कोळी यांवर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोड्या साबणाबरोबर, सकाळी लवकर फवारा. मुंग्यांची रांग दिसली की वर कुठेतरी पिठ्या आहेच असं समजा. प्रत्येक झाडाला वेगळं ब्लेड वापरा किंवा कात्रीचं पातं ज्योतीवर तापवून घ्या. सिंबिडियम मोझॅक विषाणू हत्यारांवरूनच पसरतो.

रोपं वाढवणं आणि स्वतःचा संकर

डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्याच्या वरच्या गाठींवर कधी कधी तुऱ्याऐवजी छोटं रोपच फुटतं. त्याला तीन-चार मुळं येऊन ती बोटभर झाली की कापून ३ इंची कुंडीत लावा. मोठं झुडूप झालं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी मुळं दिसू लागताना, प्रत्येक वाट्याला निदान तीन कांडी येतील असं विभागा. दोन कांड्यांचा वाटा जगतो, पण फुलायला फार वेळ लावतो.

संकर करून पाहायची हौस असेल तर हात जरूर घाला. फुलाच्या मधल्या दांडीच्या टोकाची टोपी काडीने उचलली की पिवळे परागगोळे काडीला चिकटतात. ते दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या चिकट खळग्यात टेकवायचे. जुळलं तर फूल मिटतं आणि मागचा देठ फुगून शेंग होते. ती पिकायला कित्येक महिने लागतात आणि आत लाखो बी असतात, धुळीसारखं. पण त्या बियांत स्वतःचं अन्न नसतं. रानात विशिष्ट बुरशी ते पुरवते. म्हणून १८५६ साली इंग्लंडच्या वीच रोपवाटिकेत जॉन डॉमिनींनी पहिला मानवनिर्मित ऑर्किड संकर फुलवला, तरी पुढे अनेक दशकं बियांपासून रोपं करणं नशिबाचाच खेळ राहिला. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, तेव्हा हे काम प्रयोगशाळेच्या हातात आलं. आपणही शेंग पिवळी पडू लागताच, फुटायच्या आत, टिश्यू कल्चर प्रयोगशाळेकडे द्यायची. बाटल्या परत आल्यावर रोपं कोमट पाण्यात धुऊन अगार पूर्ण काढायचं आणि एका पसरट कुंडीत बारीक कोळशावर, ७५ टक्के सावलीत, एकत्र लावायची. ही लावणी पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरमध्ये करा. तिथून पहिलं फूल यायला साधारण तीन वर्षं. एकाच शेंगेतली रोपं रंगाने आणि ठेवणीने वेगवेगळी निघतात. म्हणून सगळी फुलल्याखेरीज एकही वाटून टाकू नका, आणि शेंग धरली त्या दिवशीच आई-बापांची नावं पत्र्यावर कोरून देठाला बांधा.